ॲसिड घालूनही सामू परत आठच्या वर: सोलापुरात घरच्या ॲक्वापोनिक्सचं पाणी कसं सावरायचं

जुळे सोलापूर असो, शेळगी असो की होटगी रोड, गच्चीवर किंवा अंगणात नवं ॲक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी फिरवून त्यावर भाज्या वाढवायची सिस्टीम, लावलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. "दादा, सामू ८.४ दाखवतोय. ॲसिड घातलं की सातवर येतो, दोन दिवसांत परत ८.४. पालकाची नवी पानं पिवळी पडलीत आणि दुपारी मासे वर येऊन तोंड उघडतात." मग कुणी लिंबू पिळतं, कुणी व्हिनेगर ओततं, कुणी वैतागून टाकी पूर्ण रिकामी करून नव्याने भरतं. आठवडा जात नाही तोवर पुन्हा तेच.

माझं सांगणं असं की टाकीतल्या सामूच्या, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणाऱ्या पीएचच्या आकड्यामागे धावू नका. रोज वरून जे पाणी घालता, ते आधी तपासा. आपल्याकडच्या नव्या सिस्टीममधला बहुतेक त्रास त्या बादलीतूनच टाकीत येतो. ती बादली बदलली नाही तर टाकीत काहीही ओता, फरक दोन दिवसांपुरताच पडेल.

सामू परत का चढतो

सामू फक्त त्या घडीची स्थिती दाखवतो. ॲसिड घातल्यावर तो पुन्हा वर येणार की नाही, हे पाण्यात बायकार्बोनेट किती आहे त्यावर ठरतं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या किटवर त्याला केएच किंवा अल्कलिनिटी लिहिलेलं असतं. आरओवाला जो पेनसारखा टीडीएस मीटर बुडवून दाखवतो, त्याने हे कळत नाही. टीडीएसमध्ये मीठही मोजलं जातं, चुनाही मोजला जातो आणि बायकार्बोनेटही. त्यातलं कुठलं किती, ते त्या आकड्यात दिसत नाही.

आपलं बोअरचं पाणी दख्खनच्या काळ्या पाषाणातून येतं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतं. तूरडाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, हे आपण रोज पाहतोच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, अल्कलिनिटी लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे माणसाला प्यायला चालणारं पाणीही ॲक्वापोनिक्सला फार जड असू शकतं. आपल्याला ती ६० ते १४० च्या दरम्यान हवी असते.

आता ॲसिड घातल्यावर काय होतं ते पाहू. ॲसिड बायकार्बोनेटला फोडतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू पाण्यात विरघळलेला असेपर्यंत सामू खाली दिसतो. मग एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) आणि ग्रो बेडमधून, म्हणजे झाडं लावलेल्या खडीच्या वाफ्यातून, पडणारी धार त्याला रातोरात हवेत उडवून लावते. पाण्यात उरलेलं बायकार्बोनेट तसंच असतं, म्हणून सामू परत चढतो. लिंबू आणि व्हिनेगरची गत तर त्याहून वाईट. त्यातलं सेंद्रिय आम्ल जिवाणू खाऊन टाकतात आणि खर्च झालेलं बायकार्बोनेट पाण्याला जवळजवळ परत मिळतं. शिवाय त्या मेजवानीत ऑक्सिजन संपतो तो वेगळाच. मे महिन्याच्या दुपारी तो माशांच्याच वाट्यातून जातो.

याच कारणाने बोअरचं ताजं पाणी मोजलं तर फसगत होते. जमिनीखाली दाबाने मुरलेला कार्बन डायऑक्साइड त्यात असतो, म्हणून नळातून घेतल्या घेतल्या ७.२ येतो आणि माणूस निर्धास्त होतो. तेच पाणी बादलीत एअर स्टोन सोडून एक दिवस ठेवा. ८.२ किंवा त्याहून वर गेलेलं दिसेल. खरा आकडा तो.

आधी बादल्यांची परीक्षा

टाकीला हात लावण्याआधी एवढं करा. एका बादलीत बोअरचं पाणी घ्या, दुसरीत नळाचं, तिसरीत आरओचं पाणी आणि त्यात तुमच्या ग्रो बेडमधली दोन मुठी धुतलेली खडी. तिन्हीत एअर स्टोन सोडा. पहिल्या दोन बादल्यांचं २४ तासांनी मोजा, खडीची तीन-चार दिवस राहू द्या. सामूबरोबर केएचही मोजा.

खडीच्या बादलीत केएच शून्याजवळून सुरू होऊन ठळकपणे वाढला, तर खडीत चुना आहे. काळ्या पाषाणाची खडी सहसा काही सोडत नाही, पण क्रशरहून येणाऱ्या मालात पांढऱ्या शिरा असलेले तुकडे असतात आणि नदीच्या गोट्यांत शिंपले, चुनखडीचे खडे मिसळलेले असतात. संशय असलेल्या खड्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले की तो चुना. अशी खडी थोडी असेल तर वेचून काढा. निम्मी तशीच असेल तर बेड रिकामा करून काळी खडी भरण्याला पर्याय नाही, कारण असा बेड सामूला साडेसात-आठच्या खाली बरेच महिने येऊ देत नाही. काळी खडीसुद्धा पाणी नितळ येईपर्यंत धुवा. क्रशरची भुकटी बेडच्या तळाशी बसली की तिथे हवा पोचत नाही.

टाकी सिमेंटचा नवा हौद असेल तर गोष्ट वेगळी. नवं सिमेंट चुना सोडत राहतं आणि सामू दहाच्याही वर जाऊ शकतो. तिथे मासे सोडण्याची घाई अजिबात नको. हौद भरायचा, काही दिवस ठेवायचा, उपसायचा, असं सामू स्थिर होईपर्यंत करत राहायचं. नाहीतर आतून पिण्याच्या पाण्याला चालणारा इपॉक्सीचा हात द्यायचा.

खडी निर्दोष निघाली आणि बोअरच्या बादलीत केएच चढा निघाला, तर दोषी सापडला. बहुतेक घरांत तसंच होतं.

ज्यांना किटवर विश्वास नाही त्यांनी पाण्याची बाटली माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्यावी. डाळिंब आणि द्राक्षवाले शेतकरी ठिबकसाठी हे नेहमी करून घेतात. अहवालात बायकार्बोनेट मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असं येतं. त्या आकड्याला ५० ने गुणलं की आपली अल्कलिनिटी मिलिग्रॅममध्ये मिळते. अहवालात ६ असेल तर ३००.

रोजचा जमाखर्च

हा भाग थोडा किचकट आहे, पण सगळं उत्तर इथेच आहे, म्हणून सावकाश वाचा.

हजार लिटरची आयबीसी टाकी (लोखंडी पिंजऱ्यातली चौकोनी प्लास्टिकची) आणि वर एक-दीड चौरस मीटरचा ग्रो बेड धरू. सोलापूरच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला दहा मिलिमीटरहून जास्त बाष्पीभवन होतं. म्हणजे चौरस मीटरमागे दहा लिटर. शिवाय झाडं पाणी पितात. मिळून रोज २० लिटर वर घालावं लागतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. बोअरची अल्कलिनिटी ३०० असेल, तर २० लिटरमधून रोज ६ ग्रॅम जमा.

आता खर्च. माशांच्या खाद्यातल्या प्रथिनातून अमोनिया होतो. एक जिवाणू त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हे काम करताना ते अल्कलिनिटी खातात: अमोनियाच्या रूपातल्या एक ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम. ३२ टक्के प्रथिनाचं खाद्य रोज १० ग्रॅम देत असाल, तर साधारण ०.३ ग्रॅम नायट्रोजन तयार होतो आणि २ ग्रॅमच्या आसपास अल्कलिनिटी खर्च होते. रोज ६ जमा आणि २ खर्च. दिवसाला ४ ग्रॅम शिल्लक राहिली की महिन्याला हजार लिटरमध्ये लिटरमागे १२० मिलिग्रॅमची भर. पुढे पुढे ती पाण्यात मावत नाही आणि बेडमधलं पाणी उतरवणाऱ्या सायफनवर, पाइपच्या तोंडावर पांढरी पापुद्री धरते.

खाद्य ४० ग्रॅमवर गेलं की तोच हिशोब उलटतो. मग ८ ग्रॅमच्या वर खर्च आणि ६ जमा. सामू आपोआप हळूहळू उतरायला लागतो. झाडं नायट्रेट उचलताना थोडी अल्कलिनिटी परत देतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे इतके काटेकोर निघत नाहीत, पण दिशा हीच.

यातून दोन गोष्टी कळतात. नवी सिस्टीम अडखळते, कारण तिच्यात मासे थोडे, खाद्य थोडं आणि जिवाणू अजून जमायचे असतात. खर्च करणारं कुणीच नसतं. आणि डिसेंबरात नीट चाललेली टाकी एप्रिलमध्ये अचानक बिघडल्यासारखी वाटते, कारण बाष्पीभवन वाढतं आणि जमेची बाजू फुगते. मात्र खर्च वाढवायचा म्हणून नव्या टाकीत एकदम जास्त मासे किंवा जास्त खाद्य टाकू नका. जिवाणू पुरेसे व्हायला उबदार पाण्यातही चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी खाद्य वाढवलं तर अमोनिया साचेल. सुरुवातीला आपल्या हातात फक्त जमेची बाजू आहे.

जमा कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय शेडनेट. टाकीला झाकण आणि वर हिरवं शेडनेट असेल तर पाणी कमी उडतं, कमी घालावं लागतं, शेवाळ धरत नाही. शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे हिरव्या पाण्याचा सामू सकाळी ७.८ आणि दुपारी नऊच्या घरात असू शकतो. रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो सकाळी, मोजलं तरच आकड्यांची तुलना करता येते. कुणी सकाळी मोजतं, कुणी ऑफिसातून आल्यावर, आणि मग घरात वाद होतो की मीटर खराब आहे. मीटरही खराब असू शकतो. बफरच्या, म्हणजे ठरलेल्या सामूचं द्रावण करायच्या, पुड्या आणून महिन्यातून एकदा त्यावर तो जुळवून घ्या.

कुठलं पाणी घालायचं

पावसाचं पाणी सर्वांत चांगलं, त्यात बायकार्बोनेट जवळपास नसतंच. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ३० चौरस मीटर पत्र्यावर २० मिलिमीटरची एक चांगली सर आली की ६०० लिटर, गळती-सांडणी धरून पाचशे. पहिली सर पत्रा धुण्यात जाऊ द्यायची, मग पन्हळ टाकीला जोडायची. आपल्याकडे मृगात हुलकावणी ठरलेली आणि भरवशाचा पाऊस बहुधा सप्टेंबरात, म्हणून गणपतीच्या आधी साठवणीची टाकी धुऊन तयार ठेवा. पण निव्वळ पावसाचं पाणीही घालू नका. त्यात बायकार्बोनेट नसल्यामुळे उलट्या बाजूने सामू घसरेल. बोअरचं थोडं मिसळलेलं बरं.

नळाचं पाणी दुसरं. उजनीचं असो, टाकळीहून आलेलं भीमेचं असो की हिप्परग्याच्या तलावाचं, ते धरणा-नदीचं आहे. सहसा ते बोअरपेक्षा हलकं असतं, पण आपल्या भागात कुठलं येतं त्यावर आणि ऋतूवर फरक पडतो, म्हणून बादलीची परीक्षा याचीही घ्या. त्यात क्लोरीन असतं. सोलापुरात हीच गोष्ट फार जणांना नडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे पाणी रोज येत नाही. पाण्याचा दिवस आला की घरातली सगळी भांडी, पिंपं, टाक्या भरायची गडबड असते. त्यातच कुणीतरी पाइप माशांच्या टाकीत सोडतं आणि निम्मी टाकी नळाने भरून टाकतं. क्लोरीनने माशांचे कल्ले भाजतात आणि खडीवरचे जिवाणू मरतात. मासे त्या दिवशी कदाचित तगतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अमोनिया चढतो. तोवर पाणी आल्याचं कुणाच्या लक्षात नसतं आणि दोष खाद्याला दिला जातो. विजापूर रोडवरच्या एका ताईंचा त्रास असाच होता. मासे मरण्याच्या तारखा त्यांनी वहीत लिहिल्या होत्या. त्या तारखांच्या शेजारी पाण्याचे दिवस लिहायला सांगितल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, "अहो, हे तर प्रत्येक वेळी पाणी येऊन गेल्यावरच होतंय." तुम्हीही कॅलेंडरवर दोन्ही खुणा करा. त्रास पाण्याच्या दिवसाच्या मागोमाग येत असेल तर सामूचा विचार नंतर, आधी क्लोरीन.

उपाय सोपा आहे. २०० लिटरचा निळा ड्रम फक्त ॲक्वापोनिक्ससाठी ठेवा. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा जुना ड्रम नको, खाद्यतेलाचा किंवा सरबताचा चालेल. पाणी आलं की तो भरायचा, एअर स्टोन सोडून एक दिवस ठेवायचा, मग त्यातलं वापरायचं. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात हायपोचे खडे मिळतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. शंभर लिटरला एक ग्रॅम टाकलं की लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंतचं क्लोरीन जातं. ड्रमवर घट्ट जाळी बांधा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास घरातच होईल. ग्रो बेडची खडी किंवा फिल्टरचा स्पंजही कधी थेट नळाखाली धुऊ नका. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात खंगाळा.

आरओचं पाणी तिसरं. ३०० अल्कलिनिटीच्या बोअरचा एक भाग आणि आरओचे दोन भाग मिसळले की मिश्रण ११० च्या आसपास येतं, अगदी हवं तसं. पण आरओ मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतं आणि आपल्या शहरात उन्हाळ्यात ते पाणी वाया घालवणं मनाला पटत नाही. ते फरशीला, संडासाला वापरणार असाल तरच हा मार्ग घ्या. आणि ते बाहेर पडलेलं पाणी चुकूनही माशांच्या टाकीत ओतू नका. "वाया कशाला घालवायचं" म्हणून कितीतरी घरांत तेच केलं जातं. ज्या क्षारांपासून आपण पळतोय, ते सगळे त्यात दाटून आलेले असतात. कूलरच्या टपातलं पाणीही याच कारणाने नको.

ॲसिड वापरायचंच असेल तर

ॲसिड कायम ड्रममध्ये घालायचं, माशांच्या टाकीत कधीच नाही. कृषी सेवा केंद्रात ठिबक साफ करायला फॉस्फोरिक ॲसिड मिळतं, तेच. बोअरच्या २०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी ३०० वरून १०० वर आणायला ८५ टक्क्यांचं साधारण ५५ मिलिलिटर लागतं. आधी ३० घाला, रात्रभर हवा सोडा, सकाळी केएच मोजा, मग उरलेलं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नका, लहान मुलांना गच्चीवरून खाली पाठवा, आणि ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये नाही.

हा उपाय अडीनडीचाच. त्या ५५ मिलिलिटरमधून सुमारे २५ ग्रॅम फॉस्फरस ड्रममध्ये जातो. महिनोन्‌महिने असं केलं तर फॉस्फरस साचून कॅल्शियम आणि लोह दोन्ही बांधून टाकतो आणि पानं आणखी पिवळी पडतात. संडास धुवायचं ॲसिड तर घरात असलं तरी वापरू नका. त्यात काय काय मिसळलेलं असतं याचा भरवसा नाही. लिंबूसत्त्वही नको, त्याची गत वर सांगितलेल्या लिंबासारखीच.

मासे आजच वर येत असतील तर

वरचं सगळं पुढच्या आठवड्यांसाठी. मासे आत्ता तोंड वर काढत असतील तर आधी अमोनिया आणि नायट्राइट मोजा.

किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग किती, हे सामू आणि तापमान ठरवतं. ३० अंशाच्या पाण्यात सामू ७ असेल तर शंभरातला एक भागही विषारी नसतो. ८ ला साडेसात भाग, ८.५ ला वीस. म्हणजे किटवर तोच १ मिलिग्रॅम, पण साडेआठ सामूला त्यातला ०.२ विषारी, आणि ०.०५ च्या वर कल्ल्यांना इजा व्हायला लागते. चिलापी (तिलापिया मासा) साडेआठ सामू सोसते म्हणून लोक निश्चिंत असतात. सामू ती सोसतेच, या अमोनियापुढे मात्र तिचंही चालत नाही. त्रास नेमका दुपारी का दिसतो, याचंही हेच उत्तर: दुपारी पाणी तापलेलं असतं आणि शेवाळामुळे सामूही चढलेला असतो.

अशा वेळी खाद्य पूर्ण बंद करा. मोठे मासे काही दिवस उपाशी राहिले तरी काही होत नाही. ड्रममधल्या क्लोरीन गेलेल्या पाण्याने टाकीचा पाव ते एक तृतीयांश भाग बदला, पण ड्रमचं पाणी टाकीइतक्याच तापमानाचं हवं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं मे महिन्यातलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, ते थेट घालू नका. पाणी नेहमी सकाळीच घाला. एअर स्टोन वाढवा. ३० अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो आणि पाणी तापेल तसा आणखी कमी. वीज जाते तिथे एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या. पाणी फिरवणारा मोठा पंप तासभर बंद राहिला तर चालतं, हवा बंद राहून चालत नाही.

अमोनिया शून्य आणि नायट्राइट चढलेलं असेल, हवा भरपूर असूनही मासे वर येत असतील, तर त्यांचं रक्त ऑक्सिजन धरत नाहीये. हजार लिटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम खडे मीठ, आयोडीन नसलेलं, पाण्यात विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. एवढ्या मिठाने पालक, पुदिन्याला काही होत नाही. एकदाच घाला. मीठ उडून जात नाही, दर आठवड्याला घातलं तर साचत जाईल. नायट्राइटचा हा टप्पा नव्या टाकीत येतोच आणि दुसरा जिवाणू वाढला की सरतो. त्या काळात टाकी रिकामी करून धुणं म्हणजे पहिल्यापासून सुरुवात.

पिवळी पानं

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. जुनी, खालची पानं पिवळी असतील तर नायट्रोजन कमी, म्हणजे सिस्टीम अजून कोवळी आहे. चढ्या सामूला पाण्यातलं लोह झाडाला घेता येत नाही. दुकानदार चिलेटेड लोह (झाडाला घेता यावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह) म्हणून बहुधा ईडीटीए देतो. ते सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही, पैसे पाण्यात. डीटीपीए साडेसातपर्यंत चालतं. आपल्या पाण्याला ईडीडीएचए मागा. आपल्या भागातल्या चुनखडीच्या जमिनीत डाळिंबवाले हेच वापरतात, त्यामुळे ते मिळायला अडचण नसते. लिटरला २ मिलिग्रॅम लोह पुरतं. सहा टक्क्यांचं ईडीडीएचए असेल तर हजार लिटरला ३३ ग्रॅम. पाणी लालसर होईल, घाबरू नका, माशांना त्याचा त्रास नाही. कीटकनाशक मिसळलेलं मात्र काहीही त्या पाण्याजवळ आणू नका. पहिल्या हंगामात पालक, पुदिना, चुका लावा, टोमॅटो-मिरचीचा हट्ट नको.

सिस्टीम जुनी होत गेली की

सगळं नीट चाललं तर काही महिन्यांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्याजवळ राहतील, नायट्रेट दिसायला लागेल, मासे मोठे होतील आणि खाद्य वाढेल. मग जमाखर्च उलटतो आणि सामू ७.६, ७.२, ६.९ असा उतरायला लागतो. इथे आणखी एक धोका आहे. ज्यांनी आरओ किंवा पावसाचं पाणी सवयीने चालू ठेवलं, त्यांचा सामू एखाद्या आठवड्यात सहाच्या खाली कोसळतो, जिवाणू काम थांबवतात आणि अमोनिया परत साचतो. म्हणून केएच दर आठवड्याला मोजत राहा. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास थंडीत पाणी गार होतं, मासे कमी खातात, तेव्हा जमाही कमी आणि खर्चही कमी असतो, मोजणी पंधरवड्याने केली तरी चालते.

केएच लिटरला ६० मिलिग्रॅमच्या खाली आला, किंवा सामू ६.८ च्या खाली दिसला, की आरओ बंद करा आणि त्या आठवड्यात रोजचं पाणी निव्वळ बोअरचं घाला. बाहेरच्या देशांत लोक याच कामासाठी चुना आणि पोटॅशियम कार्बोनेट विकत आणतात. आपल्या बोअरमध्ये चुना आधीच विरघळलेला आहे. केएच पुन्हा शंभरावर आला की मिश्रणावर परत या, आणि ड्रमवर खडूने लिहून ठेवा की सध्या बोअरचे किती भाग आणि नळाचे किती, म्हणजे घरात जो कुणी पाणी घालेल त्याला विचारावं लागणार नाही.